मुद्देमाल झाडावर

आमचे शेजारी चंपतराव हवालदार मुळात भला माणूस. पण झोप न मिळालेल्या भल्या माणसाच्या हाती काठी दिली की काय होतं, ते आमच्या गल्लीने पाहिलं आहे. सणांचा बंदोबस्त, मोर्च्यांचा बंदोबस्त, आणि डिसेंबरात विधानसभेचं अधिवेशन नागपुरात भरलं की त्याचा बंदोबस्त. नेमून दिलेल्या जागी, म्हणजे 'पॉइंट'वर, तासन्‌तास उभं राहायचं. डोकं इतकं शिणलं की मोबाइल चोरीला गेला म्हणून तक्रार द्यायला आलेल्यालाच त्यांनी दरडावलं, "कुठं लपवला, सांग!" पंचनाम्यात चोराच्या जागी पंचाचं नाव लिहिलं. एका सकाळी दूधवाल्याला कडक सॅल्यूट ठोकला. तेव्हापासून तो दुधात पाणी जरा कमी घालतो, एवढाच काय तो फायदा.

त्यांची मुलगी मिनल डिसेंबरात जन्मलेली. त्यामुळे वाढदिवसाला बाप कधी घरी नाही. बारशालाही नव्हता. आता तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं, गुरुवारी रामटेकला. प्रेमिलावहिनींनी नवऱ्याला बजावलं, "यावेळी नाई आले, तर पाटावर तुमचा फोटो ठेवीन अन् त्यालेच टिळा लावीन!"

ठाण्याच्या साहेबांनी रजा द्यायचं कबूल केलं, पण दोन अटींवर. पहिली अट कोंबड्याची. कुहीकडच्या मारोतरावाला झुंजीच्या कोंबडबाजारात आमच्या पोलिसांनी पकडलं होतं. पैसे लावणारे पळाले, सापडले फक्त मारोतराव आणि त्यांचा तांबडा कोंबडा. कोंबडा झाला मुद्देमाल. तो बुधवारी कोर्टात हजर करायचा, आणि तोवर जबाबदारी चंपतरावांची.

दुसरी अट, मंगळवारच्या तणावमुक्ती शिबिराला जायचं. मंगळवारी चंपतरावांची साप्ताहिक सुट्टी असते. तणाव घालवण्यासाठी माणसाची सुट्टी रद्द करणाऱ्या त्या डोक्याला माझा कोपरापासून नमस्कार!

शिबिरात गौरांग नावाचे गुळगुळीत गुरुजी होते. त्यांनी माईकवरून सगळ्यांना शवासनात झोपवलं. चंपतरावांची पाठ सतरंजीला टेकायच्या आत ते घोरायला लागले. तेवढ्यात छातीवरचा फोन वाजला. सवयीच्या बोटाने झोपेतच तो उचलला, आणि पुन्हा छातीवर ठेवून दिला.

पलीकडे ठाण्यातल्या शिपाई सिंधूताई होत्या. "चंपतभाऊ, हा कोंबडा लय ओरडून राहिला. कोणाचं बयानबी ऐकू येत नाई. काय करू?"

"सोडून द्या," फोनमधून गुरुजींचा आवाज आला.

"सोडू?"

"अगदी सैल सोडा. आता काहीही धरून ठेवायचं नाही."

सिंधूताईंना आवाज जरा साजूक वाटला, पण शिबिराचा गुण आला असेल, असं त्यांनी धरलं. त्यांनी दोरी सोडली. कोंबडा भुर्रकन ठाण्यासमोरच्या कडुलिंबावर.

निरोप मिळून चंपतराव धावत आले, तेव्हा मुद्देमाल शेंड्याजवळ बसून आरवत होता. त्यांनी शिट्टी मारली. काठी आपटली. "खाली ये, नाई तर एक कलम वाढवीन!" असंही ओरडले. रस्त्यावर ही गर्दी जमली.

साहेब बाहेर आले. "हे काय करून राहिले चंपतराव? उद्या कोर्टात काय झाड नेता? कोंबडा नाही तर रजा नाही!"

चंपतराव मटकन खाली बसले. एवढा दांडगा माणूस, पण ढसाढसा रडायला लागला. "साहेब, पोरीच्या बारशाले नव्हतो. एका वाढदिवसाले नव्हतो. आता साक्षगंधालेबी नाई, तर मी बाप काहून म्हणवून घेऊ?"

ठाण्याच्या पायरीवर जामिनाची हजेरी द्यायला आलेले मारोतराव बसले होते. कोंबडा उडाला म्हणून मघापासून ते मिशीत हसत होते. पुरावाच नाही तर खटला कसला? आता मात्र ते उठले, तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा थुंकला आणि वर पाहून लाडाने हाक मारली, "ये गा राजा, ये, ये!"

कोंबडा थेट त्यांच्या खांद्यावर उतरला.

"घ्या जमादार," मारोतरावांनी स्वतःच्या विरुद्धचा पुरावा चंपतरावांच्या मांडीवर ठेवला. "पोरीचं साक्षगंध हाय म्हणता, मंग काय!"

साहेबांनी कोणाकडेही न बघता रजेवर सही केली. सिंधूताईंनी कोंबड्याला दुहेरी दोरी लावली.

बुधवारी कोंबडा कोर्टात पोचला आणि गुरुवारी आम्ही सगळे रामटेकला. चंपतराव नवा शर्ट घालून आले, आणि पाच मिनिटांत गायब! टिळ्याची वेळ झाली, पण वडिलांचा पत्ता नाही. वहिनींचं तोंड उतरलं. मलाही भयंकर राग आला. शेवटी मिनल स्वतः खुर्चीवरून उठली आणि शालू सावरत बाहेर गेली.

फाटकावर चंपतराव घामाघूम होऊन पाहुण्यांच्या गाड्या लावत होते.

"बाबा, हे काय?"

"पॉइंट सांभाळून राहिलो, बेटा. गर्दी वाढली ना."

मिनलने त्यांच्या नव्या शर्टाची कॉलर सरळ केली. मग म्हणाली, "तुमचा पॉइंट बदलला. वरून ऑर्डर हाय. माह्या बाजूची खुर्ची."

चंपतरावांनी टाचा जुळवल्या. "जय हिंद!"

टिळा झाला, जेवणं झाली, पाहुणे पांगले. मंडपवाला खुर्च्या उचलायला लागला, तरी हे आपल्या खुर्चीत ताठ बसलेले. वहिनींनी घरी चला म्हणून हाक मारली.

"दुसरा माणूस आल्याशिवाय पॉइंट सोडता येत नाई वं," ते म्हणाले.

मिनल शेजारीच बसली होती. तीही उठली नाही.