नकाशातली कूपवाट

वहाब शेख गडचिरोलीचा. बाप सायकली दुरुस्त करायचा, पण वहाबच्या हाती विशीतच जीपचं स्टिअरिंग आलं आणि पुढे ते सुटलंच नाही. आधी लाकडाच्या ठेकेदाराकडे होता, मग एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्यावर लागला. धानोऱ्यापलीकडे डांबर संपलं की त्याचा खरा मुलूख सुरू व्हायचा.

दवाखान्याच्या डॉक्टर साक्षी रामटेके चिमूरकडच्या. वयाने वहाबपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण शब्दाला पक्क्या. २००४ साली संस्थेला तळहाताएवढं जीपीएस यंत्र मिळालं. त्यात नकाशा मात्र वेगळा भरून घ्यावा लागायचा. त्यासाठी दोघं नागपूरच्या एका दुकानात गेले.

दुकानदाराने संगणकावर दोन नकाशे उघडून दाखवले. साक्षी म्हणाल्या, "वहाबभाई, गाडी तुम्ही चालवता. पसंतही तुम्हीच करा."

पहिला नकाशा मोठा देखणा. रंगीत रस्ते, पेट्रोल पंप, हॉटेलं, सगळं त्यात होतं. वहाबने कोसमटोला हा जंगलातला पाडा शोधायला सांगितलं, तर पडद्यावर कोरा पांढरा पट्टा आला. तिथे जणू कोणी राहतच नव्हतं. दुसरा नकाशा सर्वेक्षणाच्या जुन्या कागदांवरून उतरवलेला, तपकिरी रेघांनी गिचमिड झालेला. पण त्यात कोसमटोला होता. टोल्याची विहीर होती, नाले होते, टेकड्या होत्या, बैलगाडीच्या वाटासुद्धा तुटक रेघांनी काढलेल्या होत्या. वहाब खुर्चीतून पुढे सरकला.

"हाच घ्या मॅडम. याच्यात आपली मानसं हायेत."

कागद कोणत्या सालचे, असं साक्षींनी विचारलं. तीसेक वर्षं झाली असतील, दुकानदार म्हणाला. वहाबने ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

वर्षभर नकाशाने चांगली साथ दिली. पावसाने एक रस्ता मोडला की यंत्र दुसरी वाट दाखवायचं, आणि वहाब चहाच्या टपरीवर त्याचं कौतुक सांगायचा.

मग २००५चा नोव्हेंबर आला. दवाखान्याची जीप कोसमटोल्याला होती. तिथल्या झिंगूची मुलगी सुकरी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सकाळपासून तिला कळा येत होत्या आणि पोटातल्या बाळाचे ठोके मंदावत चालले होते. "मोठ्या दवाखान्यात न्यायला पाहिजे, आत्ताच," साक्षी म्हणाल्या. पण नेहमीच्या रस्त्यावर कोणी झाडं पाडून ठेवली आहेत, असा निरोप आला. वहाबने यंत्र पाहिलं. टोल्यामागून एक तुटक रेघ थेट डांबरी सडकेला मिळत होती. जेमतेम अकरा किलोमीटर.

झिंगूने मान हलवली. "थे कूपाची वाट होती, भाऊ. जंगलातलं लाकूड तोडून नेत होते तेव्हाची. आता मेली थे वाट."

"नकाशात हाय ना बाबा."

"नकाशात असन. मी पाह्यली नाई तिच्यावर गाडी, कितीक वरसं झाले."

साक्षींनी वहाबकडे पाहिलं. "जाऊ," तो म्हणाला.

सुकरी, झिंगू आणि खाट धरायला टोल्यातले दोन गडी, एवढ्यांना घेऊन जीप निघाली. सात किलोमीटर बांबूच्या फांद्या काचेवर आपटत राहिल्या, पण चाकांखाली वाट होती. पुढे नाला आला. नकाशात तिथे गाड्या पार व्हायचा दगडी रपटा दाखवला होता. प्रत्यक्षात दोन्हीकडे पुरुषभर उंच, खचलेल्या दरडी होत्या. जीप पलीकडे जाणं शक्यच नव्हतं, आणि परत फिरायला वेळ उरला नव्हता. नाल्याकाठी, मोहाच्या झाडाखाली, सुकरी बाळंत झाली. मुलगी होती. ती रडलीच नाही.

सुकरीची शुद्ध हरपली होती, रक्त थांबत नव्हतं. साक्षी आणि दोघा गड्यांनी तिला खाटेवर घालून नाला ओलांडला आणि सडकेकडे धाव घेतली. मागे राहिले झिंगू आणि वहाब. झिंगूने आपल्या पंच्यात नातीला गुंडाळलं. दोघांनी मिळून मोहाखाली खड्डा खणला. झिंगूने शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं वहाबला वाटत होतं. माती लोटून झाल्यावर त्याने यंत्र काढलं आणि त्या जागेची खूण त्यात साठवून ठेवली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

सुकरी वाचली, पण तिची पिशवी काढावी लागली. साक्षी पुढे कितीदा म्हणाल्या, "नेहमीच्या रस्त्यानेही बाळ वाचलं असतं असं नाही, वहाबभाई. आणि जायचं तर मीही ठरवलं होतं." घरी बायकोने, शहजादीनेही, समजावून पाहिलं. वहाब ऐकून घ्यायचा. सुट्टीच्या दिवशी मात्र तो एकटाच निघायचा आणि नकाशातल्या कूपवाटा पायी तुडवून यायचा. जी वाट उरली नव्हती तिच्यावर साक्षींना फुली मारायला लावायचा. दोन वर्षांत अशा एकोणीस फुल्या झाल्या.

२००८च्या डिसेंबरात सुकरी स्वतःहून जीपजवळ आली. नवऱ्याने दुसरी केली होती, ती आता बापाकडेच राहत होती.

"माह्या लेकराले कुठी ठेवलं, थे मले दाखव. बाबा नेत नाई."

वहाब तिच्यासोबत चालत गेला. यंत्र हातात होतं. नाल्याजवळ पोचल्यावर तो थबकला. तीन पावसाळ्यांनी काठ पार कापून नेला होता. मोह नव्हता, त्याचं खोडही नव्हतं. यंत्रातली खूण वाहत्या पाण्यात पडत होती.

"इथीच?"

"इथीच होती, बाई." तो म्हणाला. "मीच आनलं तुले या वाटेनं."

"मले मालूम हाय."

ती काठावर बसली. पाण्याकडे पाहत तिने विचारलं, "तोंड कोनासारखं होतं तिचं?"

वहाबला आठवत होतं. खणताना त्याने एकदा पाहिलं होतं.

"तुह्यासारखं," तो म्हणाला. "हनुवटी तुही."

सुकरीने आपल्या हनुवटीला हात लावला आणि तो तसाच ठेवला. वहाब चार हात मागे, गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिला. ती उठेपर्यंत तो उठला नाही.