लिफ्टदादांच्या वरच्या फेऱ्या

…आणि शेजारीण उंबऱ्यातच उभी राहून म्हणते कशी, "अहो, कपाटात अळंबी लावलीय म्हणे तुम्ही? मग पावशेर आम्हालाही द्या की, भाजी करून बघते!"

काल इथंच थांबलो होतो ना आपण? हं. तर लिफ्टदादांच्या तोंडचं पाणी पळालं. कारण ती अळंबी भाजीची नव्हतीच मुळी. ती डोक्यात शिरणारी. भिंतींना श्वास फुटतो, फरशी पाण्यासारखी हलते, मेलेली माणसं शेजारी येऊन बसतात, आणि पोलिसांना कळलं तर जिवंत माणसं घेऊन जातात, तसली. बाईंनी पावशेराची भाजी केली असती तर जेवण उरकून अख्खं घर छताला चिकटलं असतं!

"अजून कोवळी आहे ती," दादा म्हणाले.

"अहो, कोवळीच चांगली लागते!"

शेवटी दादांच्या बायकोनं आतून आवाज दिला, "कीड लागलीय हो तिला, टाकूनच देणार आहोत!" तेव्हा कुठं ती बाई नाक मुरडून गेली. दार लागलं. दादांना हसू फुटलं, पण बायको काही हसली नाही.

"जिन्यात कुणाकुणाला सांगत सुटता हो? आज ही आली. उद्या खाकीवाला आला तर त्यालाही कीड लागलीय म्हणून सांगू?"

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो. बाकीच्यांनी पुन्हा ऐकावं, बिघडत नाही.

लिफ्टदादा म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारे. ते आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघं एकाच कंपनीत, एकाच जोडीत. दादा लिफ्टच्या डोक्यावर उभे, त्या काळोख्या बोगद्यात, तेलकट दोरांच्या मध्ये. धाकटा वर गच्चीखालच्या खोलीत, बटणापाशी. आणि त्यांच्या कामाचा एक कायदा होता. ज्याचा जीव टांगलेला, त्यानं हाक द्यायची. दुसऱ्यानं तोच शब्द परत म्हणायचा आणि मगच बटणाला बोट लावायचं. "वर!" की वरून "वर!" "थांब!" की वरून "थांब!" इमारतीतल्या लोकांना वाटायचं, भिंतीत दोन वेडे कोंडलेत आणि एकमेकांना वेडावून दाखवतायत. एका म्हातारीनं तर तक्रारच केली होती, भिंतीतली भांडणं थांबवा म्हणून!

वर्षानुवर्षं असं चाललं. मग एके दिवशी दादांनी "थांब!" म्हटलं आणि वरून काहीच आलं नाही. लिफ्ट मात्र चढतच राहिली. दादांचा डावा पाय वरच्या तुळईखाली सापडला. पुढचं सांगत नाही, तुम्हालाही रात्री झोपायचं असतं.

पाय जुळला, पण वाकडा जुळला. त्याचं दादांना एवढं काही नव्हतं बरं का. हात चुकतो माणसाचा, डोळा लागतो, लक्ष उडतं. पण पुढं चौकशी बसली. टेबलापलीकडे साहेब लोक, अलीकडे धाकटा. त्याला विचारलं, हाक आली होती का? धाकट्यानं जमिनीकडे बघत सांगितलं, "दादानं हाक दिलीच नाही."

झालं. चूक दादांची ठरली. दादांचं काम गेलं, धाकट्याचं राहिलं. तेव्हापासून दादा घरी खिडकीपाशी टेबल टाकून मिक्सर, इस्त्र्या, पंखे दुरुस्त करतात. धाकट्याशी बोलणं नाही. आई धाकट्याकडे. ती फोन करायची तेव्हा मागून त्याच्या खोकल्याचा आवाज आला की दादा पाना हातात घट्ट धरायचे.

आता यात अळंबी कुठून उगवली? दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एक चित्रकलेचे मास्तर होते. कमरेचं हाड मोडलेलं, पण तोंडाचं एकही नाही. त्यांनीच पुढं घरी येऊन दादांना पहिल्यांदा ती खाऊ घातली. म्हणाले, "पाय तोच राहील, पायाकडे बघणारा बदलेल." दादा त्याला 'वरची फेरी' म्हणायचे. लिफ्टवाल्याला दुसरं काय सुचणार!

पहिल्या फेरीत दादांच्या टेबलावर मिक्सरची मोटर उघडी पडली होती. आतली तांब्याची तार बघून ते ढसाढसा रडले. "कुणी गुंडाळली असेल गं ही एवढ्या मायेनं?" असं बायकोला विचारत राहिले. ती म्हणाली, "यंत्रानं." तर म्हणतात, "मग यंत्राला आई असणार!" दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं तेव्हा ती मोटर त्याच्या हातात देववेना. म्हणाले, "जपून वापरा हो. चटणी बारीक वाटायचा हट्ट धरू नका."

दुसरी फेरी मात्र वाईट गेली. स्वयंपाकघराचा बोगदा झाला. दिवसाढवळ्या दादा ओट्याला पाठ लावून उभे, वरून लिफ्ट येतेय, हाक द्यायचीय आणि तोंडातून शब्द फुटत नाही. बायको त्यांचे दोन्ही पाय धरून जमिनीवर बसून राहिली, संध्याकाळ होईपर्यंत. दूध उतू जाऊन गॅस विझला होता, तो उठून बंद करावा एवढीही फुरसत नव्हती. पुढं कितीतरी दिवस तिच्या अंगाला तो वास येतोय असं तिला वाटायचं. तिनं बजावलं, "पुन्हा हे या घरात नको."

तरीही तिसरी झाली. आणि तिसऱ्या फेरीत धाकटा आला. म्हणजे तो खरा आला नाही हो! पाच वर्षांचा, नाक वाहतंय, चड्डीची एक नाडी लोंबतेय, असा येऊन दादांसमोर फरशीवर बसला आणि म्हणाला, "दादा, मला भ्या वाटलं." दादांना लख्ख दिसलं. त्या टेबलापाशी हाच पोरगा बसला होता, मिशा लावून. मग काय, दादांनी त्याला पोटाशी धरलं. हाक, खोटं, पाय, नोकरी, सगळं सोडून दिलं. बायकोनं स्वतःच्या कानांनी ऐकलं, दादा रिकाम्या फरशीला म्हणत होते, "जा बाळा, खेळ जा."

त्यानंतर दादांच्या मनानं घेतलं की हे मिटलं. साफ मिटलं! आता धाकट्याचा फोन येईल, तो हसेल, मी हसेन. फोन काही आला नाही. दादांना उलट रागच आला त्याचा. एवढं माफ केलं, आणि याचं आपलं तोंड वळवलेलंच!

अशी तीन वर्षं गेली. मास्तर गाव सोडून गेले, जाताना अळंबीचं वाण तेवढं ठेवून गेले. आणि शेजारीण भाजी मागून गेली त्याच आठवड्यात आईचा फोन आला. "धाकट्याला आता बाहेरगावची कामं. घरी कुणी नसतं. मी तुझ्याकडे येते. रविवारी तो खाट घेऊन येईल आणि मला सोडेल. आणि हे बघ, तुम्ही दोघं एका ताटाशी बसलात तर मी राहीन, नाहीतर त्याच गाडीनं परत."

मागून धाकटा खोकला. आणि दादांच्या पोटात जाळ उठला. तोच जुना, तेवढाच.

फोन ठेवून दादा खुर्चीत बसले ते बसलेच. माफी गेली कुठं? ते रडणं आठवत होतं, त्या पोराच्या केसांचा वासही आठवत होता, पण माफी हाताला लागेना. मग त्यांनी बेत केला. कपाटातल्या बरण्यांमध्ये पांढरे धागे धरलेच होते, आठवड्याभरात अळंबी येईल. शनिवारी एक वरची फेरी मारायची, जिथं ठेवली होती तिथून माफी पुन्हा उचलायची, आणि रविवारी ती ताजी असतानाच दार उघडायचं.

बायको ऐकून घेत होती. हातातलं फडकं तिनं खाली ठेवलं.

"एक विचारू? तुम्ही इथं बसून माफ केलंत. मी साक्षीला आहे. पण त्याला कळायला तो काय भिंतीत बसला होता?"

दादांनी टेबलावरचा पाना उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"तीन वर्षं तुम्ही त्याच्यावर रुसलात, का तर तुमच्या स्वप्नातलं त्याला ठाऊक नाही म्हणून. आणि आता पुन्हा स्वप्नातच जाताय. शिवाय ते कपाट मला आईंच्या कपड्यांना लागणार आहे."

"शनिवारपर्यंत राहू दे."

"आणि रविवारी तुम्ही दुसऱ्या फेरीसारखे ओट्याला पाठ लावून उभे राहिलात तर? आईंच्या देखत मी तुमचे पाय धरून बसू?"

दादांनाही ती भीती होतीच. पण माफीवाचून दार उघडायची भीती त्याहून मोठी होती, म्हणून ते कपाटाकडे गेले.

आणि इथं बघा गंमत. गंमत कसली, पण म्हणूया. दादा जन्मभर लोकांना हसत आले. लिफ्टचं बटण एकदा दाबून भागतं, पण घाईतला माणूस ते टकटक दहादा दाबतो, जणू लिफ्ट लाजून लवकर येणार आहे! आणि आता हेच दादा तासातासाला कपाट उघडायचे, बरणीचं झाकण वर करायचे, वाकून बघायचे. आली का? बंद. पुन्हा उघड. आली का? मास्तरांनी हजारदा सांगितलं होतं की झाकण उघडायचं नाही, हवेतली घाण आत जाते. पण रविवार जवळ यायला लागला की हात कुठं ऐकतो?

शुक्रवारी सकाळी एका बरणीत हिरवा ठिपका दिसला. दुपारी तीन बरण्यांत. शनिवारी सगळ्या बरण्या शेवाळलेल्या टाकीसारख्या हिरव्यागार, वर ओल्या तळघराचा वास. बुरशीनं बुरशीला खाल्लं. दादांनी त्या बादलीत ओतल्या, उकळतं पाणी टाकलं, बरण्या घासून उलट्या मांडल्या. बायकोनं कपाट पुसून आत स्वच्छ कागद अंथरला. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण नवऱ्याचा चेहरा बघून तिलाच घोर लागला. आता हा माणूस उद्या दार उघडणार कसा, आणि उघडलं तर तोंडातून काय काढणार?

रविवारी गाडी आली. लिफ्ट चालू होती, पण एवढीशी. खाट तिच्यात मावेना. आडवी करून बघितली, उभी करून बघितली. दोघंही लिफ्टवाले, दोघंही नुसत्या नजरेनं सांगू शकले असते की मावणार नाही, पण बोलावं लागू नये म्हणून दोघं मुकाट प्रयत्न करत राहिले! आई खाली दारात खुर्ची टाकून बसली होती; दादांची बायको खाली येऊन तिच्याशी दोन शब्द बोलून वर गेली होती.

"अरे, जिना आहे ना? उचला. खाट आधी, मी मागून लिफ्टनं. खाट पडली तर पडू दे. मी पडले तर तुमच्यातला एक म्हणेल, आईनं हाकच मारली नाही."

दोघांच्याही माना खाली गेल्या. म्हातारीचा नेम कधी चुकलेला नाही.

दादा वरच्या बाजूला, उलट्या पावलांनी, वाकडा पाय आधी टेकत. धाकटा खाली, वजन सगळं त्याच्याकडे. पहिल्या वळणावर खाट कठड्याला अडली. दादांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "थांब!"

"थांब," धाकटा खालून म्हणाला, आणि जागेवर थांबला.

"उचल."

"उचल."

"वर."

"वर."

असं वळणावळणानं चढत गेले. वरच्या मजल्यावरून शेजारीण डोकावली, काय चाललंय म्हणून. दोन टक्कल पडत आलेली माणसं, एक बोलतो ते दुसरा म्हणतो, आणि दोघंही घामानं चिंब. तिला काय कळणार! ती आपली म्हणाली, "मधे बसायला स्टूल देऊ का?"

शेवटच्या मजल्याच्या अलीकडे दादांचा पाय थरथरला. धाकट्यानं ते बघितलं आणि हाकेची वाट न बघता खाट पायरीवर टेकवली. खाटेच्या या टोकाला एक, त्या टोकाला एक. श्वास खाली बसेना. धाकट्यानं बाहीनं तोंड पुसलं. आणि दादांच्या त्या पायाकडेच बघत तो म्हणाला, "त्या दिवशी हाक आली होती, दादा. मी ऐकली होती. मी बिडी पेटवत होतो. हात बटणावर होता."

दादांनी वाकडा पाय पायरीवर जरा मागं घेतला.

"साहेबांसमोर जीभ वळली नाही. नंतर रोज वाटायचं, आज जाऊन सांगू. मग तुझा पाय आठवायचा आणि माझा उचलायचा नाही." त्यानं पहिल्यांदाच वर बघितलं. "वहिनी मघाशी खाली येऊन आईला म्हणाली, तू मला माफ केलंस म्हणून. कधीच केलंस म्हणाली. खरं का रे दादा?"

वर दारात बायको उभी होती. हातातला पाण्याचा तांब्या तिनं तसाच धरला होता. दादांनी खाटेची पट्टी पकडली, सोडली, पुन्हा पकडली. समोर नाक वाहणारा पोरगा नव्हता. बिडीनं ओठ काळे झालेला, पोट सुटलेला, पन्नाशीतला माणूस होता, आणि भिंत भिंतीसारखी उभी होती, हलत नव्हती.

दादा म्हणाले, "केलं होतं रे, या वरच्याच खोलीत बसून केलं होतं, पण तेव्हा तू नव्हतास, आज तू आहेस आणि ते मला कुठं सापडत नाहीये, खोटं कशाला सांगू, पोटात अजून आग आहे. पण तू हे स्वतःच्या तोंडानं बोललास, हे माझ्या कानांनी ऐकलं, आणि आज कुणी काही खाल्लेलं नाहीये. आई खाली बसलीय, तिला घेऊन ये, आणि मग लगेच निघू नकोस. मला वेळ लागेल."