दहा ते चार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, सुलभाला नाही – तिच्यापासून मी दुसरं काहीही लपवलेलं नाही – आणि विजूला तर नाहीच. तुम्हाला का सांगतो आहे? नक्की ठाऊक नाही. तुम्ही मध्येच थांबवणार नाही, म्हणून असेल.

आधी विजूबद्दल सांगायला हवं. ती आमची एकुलती एक. आम्ही दोघंही सावळे. ती मात्र अंगात रंग नसलेलीच जन्मली. केस, भुवया, पापण्या पांढऱ्या, कातडी गुलाबी. कोड नव्हे – पण हे किती जणांना समजावणार? माझी पुण्याहून कलकत्त्याला बदली झाली, बालीगंजला दुसऱ्या मजल्यावर जागा मिळाली, तेव्हा ती सहा वर्षांची होती. पहिल्याच उन्हाळ्यात तिच्या नाकावर, हातांवर फोड आले. सुलभा तापानं पडली होती, म्हणून त्वचेच्या डॉक्टरांकडे विजूला घेऊन मी एकटाच गेलो.

डॉक्टर वयस्कर बंगाली गृहस्थ होते, सावकाश बोलणारे. माझ्याशी इंग्रजीत बोलले. अशा कातडीला उन्हापासून स्वतःचा बचाव करता येत नाही, वर्षानुवर्षं भाजत राहिली तर न भरणाऱ्या जखमा होतात आणि त्यांतून कॅन्सरही होऊ शकतो, म्हणाले. पण टाळता येतं. दहा ते चार उन्हात जायचं नाही. एरवी लांब बाह्या, रुंद काठाची टोपी, छत्री, नाकावर झिंकचं मलम. एखादी जखम भरत नाही असं दिसलं, तर वाट न पाहता दाखवायची. मग आपणहून म्हणाले, इथे मुलींच्या सकाळच्या शाळा असतात, सहा-साडेसहाला भरतात, दहाच्या आत सुटतात. हिला तिथेच घाला. आणि वाकून तिला विचारलं, "की मा, इश्कूल जाबे तो?" तिला बंगाली येत नव्हतं, पण ‘इश्कूल’ कळलं. तिनं जोरात मान डोलावली.

घरी येऊन मी सुलभाला काय सांगितलं –

नाही, त्याआधीचं सांगतो. त्याच वर्षी पाडव्याला इथली मराठी मंडळी जमली होती. ऑफिसातले एक गृहस्थ विजूकडे बघून मला म्हणाले, "काय हो, ही काय विलायतेहून मागवलीत?" सगळे हसले. मीही हसलो. विजू माझं बोट धरून उभी होती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि बाबा हसताहेत म्हणून तीही हसली.

तर मी सुलभाला सांगितलं, "सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत बाहेर न्यायचं नाही म्हणाले. शाळेचं नावच काढू नका म्हणाले."

"सकाळचं कोवळं ऊनसुद्धा नाही? अहो, नीट विचारलंत ना?"

"विचारलं."

"मग झालं. तुम्हाला उन्हातलं माझ्यापेक्षा कळतं."

कळतच होतं. मी हवामान खात्यात आहे. आमच्याकडे उन्हाचे तास मोजायला काचेचा एक गोळा असतो; ऊन त्यातून जाऊन खालच्या कागदी पट्टीवर जळकी रेघ ओढतं. ती रेघ मी रोज मोजतो. सकाळच्या पहिल्या उन्हात पट्टीवर डागसुद्धा पडत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? कामात तापमानाच्या एका दशांशासाठी मी हाताखालच्या माणसांना पुन्हा जिना उतरून तापमापक पाहायला पाठवलं आहे. आणि डॉक्टरांच्या सहा तासांचे मी सहज बारा केले.

विजू घरात वाढली; अंधार पडल्यावर कधी बाहेर पडलीच, तर आमचा हात धरून. सुलभानं तिला शिकवलं. सकाळी गल्लीतून शाळेच्या मुली जायच्या, त्यांच्या बोलण्यावरून विजू पडद्याआड बसून बंगाली शिकली – आमच्यापेक्षा चांगलं. मी हिशेब केला आहे: दिवसाला सहा तास, अकरा वर्षं, चोवीस हजारांवर तास. हे डॉक्टरांनी तिला दिलेले तास होते. मी तिला कातडीसाठी घरात ठेवत होतो का? दहा ते चार, हो. उरलेले सहा तास मी तिला लोकांच्या नजरेपासून – नाही. स्वतःला लोकांच्या नजरेपासून लपवत होतो.

तपासणीला दर वर्षी मीच एकटा तिला नेत असे. गेल्या महिन्यात सुलभा हट्टानं बरोबर आली. ते जुने डॉक्टर आता नाहीत. नव्या तरुण डॉक्टरांनी भिंगातून विजूचे हात, मान, कान, नाक पाहिलं. कुठे काही नाही. इतकी काळजी कोणी घेतली, असं त्यांनी हिंदीत विचारलं, तर सुलभानं माझ्याकडे बोट दाखवलं. मग ते सहज म्हणाले, "सुबह घूमने जाती है ना?" सुलभा माझ्याकडे बघू लागली.

खरं सांगायची वेळ ती होती. मी म्हणालो, "आता मोठी झाली, सकाळी जायला हरकत नाही, असं म्हणायचंय त्यांना." सुलभाचे डोळे भरून आले. तिनं माझा हात दाबला.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता विजू टोपी घालून, छत्री घेऊन एकटी निघाली. मी गॅलरीतून पाहत होतो. गल्लीच्या तोंडाशी ट्रामचा रस्ता आहे. तिथे ती थांबली. एक ट्राम गेली, दोन रिक्षा गेल्या, रस्ता मोकळा झाला, पुन्हा ट्राम आली. डोळ्यांचं कारण नव्हतं. चष्म्यातून तिला तेवढं दिसतं. वीस मिनिटं ती तिथेच उभी होती. मग परत आली.

छत्री कोपऱ्यात ठेवून तिनं मला विचारलं, "बाबा, रस्ता एकदम ओलांडायचा असतो, की मध्ये थांबायचं असतं?"

आवाजात तक्रार नव्हती. सतरा वर्षांच्या माझ्या मुलीला ते खरोखर माहीत नव्हतं.