ठराव करता येत नाही, असं मी सांगितलं

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. घरी नाही, मैत्रिणींपाशी नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही. हाही भित्रेपणाच — कळतं मला.

आधी राग सांगते. तो सोपा आहे. आमचं गाव रिसोड तालुक्यातलं. पिण्याच्या पाण्याची एकच विहीर, नाल्याकाठी. तिच्या वरच्या अंगाला, टेकडीवर, गिट्टीची खदान आली. सुरुंग उडायला लागले आणि विहिरीचे झरे गेले. उरलं ते पांढुरकं, गढूळ पाणी. खालच्या वावरांतल्या तुरीवर पिठासारखी धूळ. कंत्राटदार म्हणतो, परवानगी आहे. साहेब म्हणतात, कागद बरोबर आहेत. कागद बरोबर! मग आमच्या हंड्यात आहे ते काय आहे? तुमच्या लेकरांना पाजाल का ते? कचेरीपुढं सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडते, "गावाला विचारलं होतं का?" बाया टाळ्या वाजवतात.

विचारलं होतं. गावानं — मला विचारलं होतं.

मोठ्या ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी ग्रामसभा भरते. एरवी सही-अंगठ्यापुरती. त्या वर्षी मात्र खदानीची कुणकुण लागली होती, आणि समाजमंदिरात बसायला जागा नव्हती. वच्छलामावशीचं वावर विहिरीला लागून. तीच उभी राहिली. विहिरीच्या आसपास आणि वरच्या टेकडीवर कुणी खोदायचं नाही, असा गावाचाच कायदा करू, म्हणाली. उद्या बाप्यांपुढं मांडू.

मागून एक जण हसली. "कायदा मुंबईले होते वं मावशी, तुह्या चुलीपाशी नाही होत."

"थांब वं. आपली बीए बसली आहे ना इथं." मावशी माझ्याकडं वळली. "तू सांग माय. गावाले असा ठराव करता येते का नाही?"

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. बाप सालदार, आई निंदणाला जाणारी. फवारणीच्या बाटलीवर काय लिहिलंय, दवाखान्यातली गोळी जेवणाआधी की नंतर — सगळं गाव मलाच विचारायचं, आणि मी सांगितलं की ते ठरलं. मला ते आवडायचं. फार आवडायचं. ग्रामसभेला कसले अधिकार आहेत, याची एक ओळ मी वाचलेली नव्हती. आणि सगळ्या बाया माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

मी म्हणाले, "नाही येत, मावशी. ते सरकारचं काम आहे. कोर्टात टिकत नाही."

कोर्टात! कोर्टाचं दार तरी पाहिलं होतं का मी? "मले माहीत नाही, विचारून सांगीन" — एवढंच म्हणायचं होतं. काय झिजलं असतं माझं?

"बीए म्हणते तं नाही येत," मावशी म्हणाली आणि खाली बसली. मोठ्या सभेत ती काही बोलली नाही. एकही बाई बोलली नाही. खदानीचा ना-हरकत दाखला मंजूर झाला.

इथंच थांबलं असतं तर अडाणीपणा म्हणता आला असता. पण ऐका. खदान नुकती सुरू झालेली, तेव्हा जीपमध्ये शेजारी एक बाई बसली, पलीकडच्या गावची. "ते गिट्टीवाले तुमच्याकडं गेले काय? आमच्याकडं आल्ते पयले. आमी बायांनी ठराव घेतला, ग्रामसभेनं उचलून धरला. दाखलाच नाही भेटला त्याहिले. तुमी काहून नाही घेतला?"

मी म्हणाले, "आमच्याकडचे बापे ऐकत नाहीत."

बापे! त्यांच्यापर्यंत गोष्ट गेलीच कुठं होती? मी अडवली होती ती. आणि तेव्हाही वेळ होता — टेकडीला नुकतं कुठं ओरखडलं होतं. घरी जाऊन मावशीला सांगितलं असतं, तर पुन्हा सभा बोलावता आली असती, ठराव घेऊन भांडता आलं असतं. पण मग चारचौघींत तिनं विचारलं असतं — तू तं नाही म्हणत होती ना? तेवढं एक वाक्य ऐकावं लागू नये म्हणून मी गप्प बसले. विहीर जाऊ दिली. मोर्चे काढले, घोषणा दिल्या, साहेबांना खोटारडे म्हणाले. ते आहेतच. पण ठराव हा शब्द मी एकदाही तोंडातून काढला नाही.

आता टँकर येतो. मावशीनं यंदा वावर पेरलंच नाही. परवा रांगेत ती माझ्या पुढं होती. म्हणाली, "आपल्यासाठी कायदाच नाही, तं कोन काय करन? तू तं किती भांडून राह्यली माय आमच्यासाठी."

तिनं हंडा खाली ठेवला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी फिरवू दिला.