चौथा मजला, सावंत

मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये वीस घरं आहेत आणि सगळे एकमेकांना चेहऱ्यानं, खोकल्यानं आणि चपलांच्या आवाजानं ओळखतात. तरीही सोसायटीच्या मतदानाला फोटो ओळखपत्र सक्तीचं करा, असा ठराव मांडणारा शहाणा मीच.

कारण होतं. मागे बिल्डिंगच्या रंगावर मतदान झालं, तेव्हा दुसऱ्या मजल्यावर पाहुणा आलेला कोणाचा तरी भाचा मत देऊन गेला. (म्हणून आम्ही आज पोपटी रंगात राहतो.) मी सभेत गरजलो, "आज भाचा आला, उद्या कोणीही येईल!" टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माझं डोकं काम करत नाही. मी पुढे जोडलं, "झेरॉक्स चालणार नाही! मोबाइलमधला फोटो चालणार नाही! अस्सल कार्डच!" ठराव मंजूर.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "मी तीस वर्सां हयसर रवतंय. माका कोण वळखत नाय रे मेल्या?"

"आई, प्रश्न तुझा नाही, तत्त्वाचा आहे."

"तत्त्वाक गुडघे नसतत," आई म्हणाली.

गुडघ्यांचाच तर प्रश्न होता! पुढचं मतदान लिफ्टवर होतं. आम्ही चौथ्या मजल्यावर. आई वर्षभरात दोनदा खाली उतरलेली, दोन्ही वेळा डॉक्टरकडे. तळमजल्यावाल्यांना लिफ्ट नको, वरच्यांना हवी, मधल्यांचं रोज बदलायचं. एकेक मत मोलाचं. आणि घर आईच्या नावावर, म्हणजे मत तिनंच द्यायचं.

मतदान रविवारी, दुपारी एकपर्यंत. साडेअकराला आम्ही आईला उतरवायला सुरुवात केली. प्रत्येक मजल्यावर खुर्ची, पाणी आणि माझ्या ठरावाबद्दल दोन शब्द. सव्वाबाराला ती तळमजल्यावर टेबलासमोर बसली. टेबलामागे निवडणुकीचं काम बघणारे पटवर्धनकाका.

"या सावंतवहिनी! गुडघे काय म्हणतात? बरं, ओळखपत्र?"

"वहिनी म्हणालात म्हणजे ओळखलंत ना?" मी हसत म्हणालो.

"मी ओळखलं. नियमानं नाही ओळखलं. ठराव तुमचाच, सावंत."

"कपाटातच आहे, आलोच!" म्हणत मी चार मजले धावलो. कपाटात कार्ड नव्हतं. लॉकरच्या पिशवीत नव्हतं. मोडीत गेलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड सापडलं, आईचं नाही. माझं आणि बायकोचंही नाही. सगळ्या घराची ओळखच गायब!

"वैशाली, कार्डं कुठे ठेवलीस?"

"मी? तुम्हीच ठेवलीत! नीट ठेवतो म्हणालात, तेव्हाच म्हटलं, आता वाट लागली!"

मी घामाघूम होऊन खाली आलो, मागोमाग वैशाली. आईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे, गणपतीक गावाक जाताना तूच ठेवलंस ना, सुकटीच्या डब्यात! चोर थंय हात घालुचो नाय म्हणालंस!"

खरंच की! घर पंधरा दिवस बंद राहणार म्हणून सगळी कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मी सुक्या जवळ्याच्या तळाशी पुरली होती. चोराला सापडू नयेत म्हणून. मलाही सापडली नाहीत, इतकी ती जागा उत्तम होती!

"वैशाली, डबा!"

"तो तर मागच्या आठवड्यात शोभाताई घेऊन गेल्या!"

शोभा माझी बहीण, भांडुपला राहते. फोन लावला.

"शोभा, सुकटीचा डबा आहे का गं?"

"आहे की, अर्धा संपला. झकास आहे हां!"

"तळाशी पिशवी आहे?"

"ती मिठाची पुडी ना? फेकणारच होते."

"फेकू नकोस! रिक्षा कर आणि डबा घेऊन ये! आईचं मत आहे त्यात!"

"दादा, बरा आहेस ना रे?"

एकला चार मिनिटं कमी असताना रिक्षा आली. शोभानं डबा थेट मतदानाच्या टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. पटवर्धनकाका शुद्ध शाकाहारी. ते खुर्चीसकट दोन हात मागे गेले. मी कोपरापर्यंत हात घालून पिशवी काढली. पिशवीला भोक पडलं होतं. मीठ आत शिरून आईच्या कार्डावरचा फोटो खरवडला गेला होता. उरलं होतं फक्त कुंकू आणि एक कान.

काकांनी नाकाला रुमाल लावला, कार्ड दोन बोटांत धरलं, एकदा आईकडे पाहिलं, एकदा त्या कानाकडे.

"सावंत, यात चेहरा नाही."

आई हळूच म्हणाली, "माका परत वर चढूक जमाचा नाय हां."

काकांनी रुमाल बाजूला केला, एक श्वास घेतला आणि डोळे मिटले.

"हा वास बुधवार, शुक्रवार, रविवार जिन्यातून येतो. बावीस वर्षं घेतोय. चौथा मजला, सावंत. ओळख पटली. वहिनी, करा सही."

लिफ्ट एका मतानं मंजूर झाली. आता आई रोज संध्याकाळी लिफ्टमधल्या आरशात बघत, पदर सारखा करत खाली उतरते. लिफ्टच्या दारावर एक पाटी आहे: 'सुकी मासळी नेताना कृपया जिन्याचा वापर करावा.' परवा ती पाटी वाचत मी डबा घेऊन उभा होतो. आई लिफ्टमध्ये शिरली, मला म्हणाली, "तू ये सावकाश," आणि दार लावलं.

डबा सांभाळत मी चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिचा चहा पिऊन झाला होता.