फीत कापण्याआधीचा पेशंट

साथ नुकतीच आली होती आणि तासगावकडच्या आमच्या गावाने तिच्या स्वागताची तयारी अगदी मनापासून केली होती. शाळेत उपचार केंद्रासाठी खाटा मांडल्या, ऑक्सिजनचे सिलिंडर आणले, डॉक्टरीणबाई हजर झाल्या. दाराला लाल फीत बांधली. ती कापणारे पाहुणे मात्र स्वतःच आजारी पडून घरात बंद झाले. ते बरे होईपर्यंत गावात कुणी आजारी पडू नये, एवढीच केंद्राच्या समितीची माफक अपेक्षा होती.

ती अपेक्षा माझ्या चुलत्यांनी फोल ठरवली. आयुष्यभर फौजेत वेळ पाळलेला माणूस, पण नेमका इथेच चुकला. ताप चढला, धाप लागली. एक शब्द बोलायचे, थांबायचे, मग दुसरा. सांगलीत खाट नाही, मिरजेत नाही. साताऱ्याच्या नातेवाइकांना फोन केला, तर तेच मला विचारू लागले, तुमच्याकडं एखादी खाट हाय का? मी पार घाबरलो. चुलत्यांना जीपमध्ये घातलं आणि शाळा गाठली. चुलती द्राक्षबागेची छाटणी अर्धी टाकून तशीच आली, कात्री कमरेला.

दारात समितीचे अध्यक्ष हात पसरून उभे. "आवं, अजून उद्घाटन न्हाई झालं. पाव्हण्यांचा मान हाय."

आतून डॉक्टरीणबाई ओरडत होत्या, "आणा त्यांना, आणा!"

"मान तुमी द्या," चुलती म्हणाली. "मला माझा माणूस आत न्यायचाय." तिने कात्री काढली आणि फीत कापली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

पाहुणे बरे झाल्यावर आले. दाराला नवी फीत बांधली होती, नारळही नवा होता. चुलते आत नळी लावून पडलेले असताना उद्घाटन थाटात पार पडलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला: केंद्र आजपासून रुग्णांच्या सेवेत.

तो पेपर चुलतीने खिडकीतून आत दिला. चुलत्यांनी वाचला, नाकावरचा मास्क बाजूला केला.

"अगं, आज सुरू झालं म्हंत्यात, मग एवढं दिस मी हितं पाव्हण्यांची वाट बघत आडवा पडलोय व्हय?"

चुलती हसली आणि हसता हसताच खिडकीचा गज धरून रडायला लागली. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच एका दमात एवढं बोलले होते.