कामठा रस्त्यावर थांबणारी पिकअप

२००९ च्या दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी माझा धाकटा भाऊ हेमराज कामठ्याहून आमगावला यायला निघाला आणि पोचला नाही.

पुढचं लिहायला मला चार वर्षं लागली. या सदरातले अनुभव मी वाचत आलो, पण खरं सांगायचं तर वरवर, पानं उलटत. मी आमगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. भुताखेतांची पुस्तकं आमच्याकडेही आहेत, मुलं ती नेतात, मीच शिक्का मारून देतो... त्यापलीकडे माझा त्या विषयाशी संबंध नव्हता. आजही मी काही सिद्ध करायला बसलेलो नाही. जे झालं ते क्रमानं लिहितो.

हेमराज त्या दिवशी सासरी, कामठ्याला गेला होता. मोटरसायकलवरून परत येताना, दिवस मावळायच्या सुमारास, तो रस्त्यात पडला. कोणीतरी त्याला आमगावच्या दवाखान्यात आणून सोडलं, पण तोवर तो गेलेला होता. आणणारा नाव न सांगता निघून गेला. एवढंच आम्हाला कळलं. मोटरसायकल दुसऱ्या दिवशी एका बंद पडलेल्या धानाच्या गिरणीच्या भिंतीजवळ मिळाली, आणि पंचनाम्यात तीच जागा लिहिली गेली.

तेव्हापासून मायचा एकच प्रश्न होता. "त्याच्याजवळ कोन होतं, बाबू?" (घरी आम्ही पोवारी बोलतो, इथे सगळ्यांना कळेल असं लिहितो आहे.) तो किती वेळ पडून होता, एकटाच होता का, शेवटी घोटभर पाणी तरी मिळालं का... सकाळी विचारायची, जेवायला बसल्यावर विचारायची आणि ताट सरकवून द्यायची. वर्षभरात ती निम्मी झाली.

आमच्याकडे अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. माणूस असा रस्त्यात गेला असेल तर त्याचं पाणी तो पडला त्याच जागेवर द्यावं, असं माय मानते. २०१० च्या अखजीला मी तिला गिरणीच्या भिंतीजवळ नेलं. तिनं घागर ओतली आणि तिथेच उभी राहून इकडेतिकडे पाहत राहिली.

"येथी नाही वाटत मले."

"पंचनाम्यात हीच जागा लिहिली आहे, माय."

"कागदाले काय माहीत? कोनाले तरी विचार ना."

मी कोणाला विचारलं नाही. लिहिलेलं आहे म्हटल्यावर विचारायचं काय, असा माझा स्वभाव. त्या रस्त्यावरच्या चार माणसांशी बोलायलाही मला जड जात होतं, हेही खरं.

पुढच्या वर्षी पिकअप घ्यायची ठरली. कल्पना हेमराजची होती. शेतातली वांगी-टमाटर स्वतःच्या गाडीतून गोंदियाच्या बाजारात न्यायची, असं तो नेहमी म्हणायचा. त्याची बायको शेवंता शेती सांभाळत होती, आणि तिनं ते मनावर घेतलं. तिनं मला सांगितलं, पण मायच्या तोंडून. शेवंता जुन्या वळणाच्या घरातली. मी तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. माझ्यासमोर डोक्यावर पदर, माझ्याशी थेट बोलणं नाही, शेजारी बसणं तर नाहीच. आम्ही तिघं एकाच अंगणात असलो तरी ती मायकडे पाहून म्हणायची, "त्यायले सांगा, नवी नाही पाहिजे, चालतीफिरती जुनी पाहा म्हना." मग मीही मायकडे पाहूनच उत्तर द्यायचो.

गाडी चालवायला मी त्रेचाळिसाव्या वर्षी शिकलो. गाडीतलं मला काही कळत नाही, म्हणून आमगावचे मेकॅनिक रफीकभाई यांना घेऊन मी गोंदियाला गेलो. दलालाकडे तीन पिकअप उभ्या होत्या.

"ये देखिए सर, एकदम मक्खन है."

"मक्खन है तो डब्बे में रखो," रफीकभाई म्हणाले. "पहले इंजन चालू करो."

मला पांढरी आवडली होती, पण तिचे कागद अपुरे होते. दुसरीचा तळ गंजलेला. तिसरी, निळी, तिचे कागद चोख होते. आरसी, इन्शुरन्स, आधीच्या मालकांची नावं, सगळं जागच्या जागी. मी तीच घेतली.

परतताना कामठ्यावरून आलो, कारण शेवंताच्या घरच्यांना गाडी पाहायची होती. चहा झाला, बोनेटवर हळदीकुंकू झालं, आणि आम्ही आमगावकडे निघालो. रफीकभाई चालवत होते. गिरणी मागे टाकून आम्ही दीडेक किलोमीटर पुढे आलो असू. गाडी थांबली. धक्का नाही, खोकणं नाही... कोणी चावी फिरवावी तसं इंजिन बंद झालं. शेजारी एक लाकडी टपरी होती, बंद. रफीकभाईंनी बोनेट उघडलं, पाहिलं, मिटलं. दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली.

"एअर पकड़ ली होगी. नई जगह है, शरमा रही है," ते म्हणाले.

त्यानंतर महिनाभर गाडी रोज मोठ्या रस्त्यानं गोंदियाला जात होती. सकाळी भाजी पोचवून मी कॉलेजला यायचो. एकदाही तक्रार नाही. मग एका बाजाराच्या दिवशी शेवंताला माहेरी सोडून मी एकटा परत येत होतो आणि गाडी पुन्हा थांबली. तीच टपरी, तशीच बंद. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. पंधरा मिनिटांनी सुरू झाली.

रफीकभाईंनी फिल्टर बदलला, टाकी धुतली, वायरी तपासल्या.

"गाड़ी में कुछ नहीं है सर. क्लच पे पैर रख के किताब तो नहीं पढ़ते?"

"त्या दिवशी तुम्ही चालवत होता."

"हाँ, वो तो है," असं म्हणून त्यांनी हात पुसले आणि विषय सोडून दिला.

मीही सोडला. ती जागा आणि हेमराज यांचा संबंध माझ्या डोक्यात आला नाही. माझ्या लेखी हेमराजची जागा गिरणीजवळ होती.

२०११ ची अखजी आली. सकाळीच आम्ही आमगावहून गिरणीकडे निघालो. माय माझ्या शेजारी, पाण्यानं भरलेली घागर तिच्या दोन पायांमध्ये. शेवंता मागे डाल्यात, म्हणजे माल भरायच्या उघड्या भागात. केबिनमध्ये मायला खेटून तिला जागा झाली असती, पण भासऱ्याच्या बरोबरीनं बसायचं नाही म्हणून ती भाजीच्या रिकाम्या क्रेटशेजारी बसून यायची. मी मायकरवी सांगून पाहिलं होतं. तिनं मायकरवीच नाही म्हटलं.

टपरीपाशी गाडी थांबली.

"बंद पडली का?" मायनं विचारलं.

"पडली."

"पडू दे. घाई कायची हाय?"

या वेळी टपरी उघडी होती. चूल पेटलेली होती, कढईत भजी होती. पन्नाशीची एक बाई झारा बाजूला ठेवून गाडीकडे आली आणि मागे गेली. आरशात मला फक्त तिचा हात दिसला, डाल्याच्या फळीवर ठेवलेला. मग मागून आवाज आला. शेवंताचा.

"भाऊजी. खाली उतरा. मायलेही उतरवा."

तिच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. ती मला उद्देशून बोलल्याची ती पहिली वेळ. मी उतरलो.

डाल्यात, केबिनच्या मागच्या बाजूला डावीकडे, दोर बांधायची एक लोखंडी कडी आहे. शेवंता ती धरून बसायची. त्या बाईनं बाहेरून हात घालून तीच कडी धरली होती.

"हे गाडी तुमच्याकडे कशी आली?" तिनं मला विचारलं.

"दीड महिना झाला, गोंदियाहून घेतली. का?"

"आता याच बाईले सांगून राहिली होती. याच कडीले धरून बसली होती मी, आमगावपर्यंत. दीड वर्स झालं, दिवाळीच्या मागून. येथी एक मानूस पडला होता मोटरसायकलवरून, बैल आडवा आला. हे गाडी मागूनच येऊन राहिली होती, मी हात देल्ला. डायवर सालेकशाकडचा होता. दोघायनं उचलून डाल्यात ठेवला. डोक्स हालत होतं त्याचं, म्हून मी मांडीवर घेतलं."

माय गाडीला टेकून उभी होती. मला वाटलं ती खाली बसेल. ती बसली नाही.

"लगेच उचलला का?" मी विचारलं.

"लगेच नाही तं का? माझी चहाबी उतू गेली."

"मोटरसायकल गिरणीजवळ कशी गेली?"

"कोनी नेऊ नये म्हून लोकायनं लोटत नेऊन ठेवली तेथी. भिंतीच्या आडोशाले."

"आणि तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"काऊन सांगू? पोलीस विचारू आले होते. मी म्हटलं, मले काई माहीत नाही. साक्षीले कोन जाते गोंदियाले, टपरी टाकून? तो कोनाचा होता तेबी मले ठाऊक नव्हतं." मग तिनं शेवंताकडे पाहिलं. "ठाऊक असतं तं आली असती मी."

मायनं विचारलं, "पानी मांगला का त्यानं?"

"मांगला. चहाच्या गिलासानं पाजलं मी. दोन घोट घेतले."

"बोलला काही?"

"बोलला ना. म्हने, बाई, घरी सांगा, वावरातली मोटर चालूच राहिली. मी म्हटलं, सांगतो बापा, तू गप ऱ्हाय. मग झोपल्यावानी झाला. रेल्वे फाटकाजवळ मले समजलं, गेला म्हून."

मी शेवंताकडे पाहिलं आणि तिनं माझ्याकडे. त्या रात्री शेतातली मोटर चालूच होती. दुसऱ्या दिवशी अर्ध्या वावरात पाणी साचलेलं होतं आणि मोटर जळून गेली होती. त्या गडबडीत आम्ही कोणाशी त्याबद्दल बोललोच नव्हतो.

मायनं त्या बाईचा हात धरला. बाईचं नाव फुलनबाई, हे नंतर विचारलं.

"कोनती मांडी?" माय म्हणाली.

"अं?"

"डोक्स कोनत्या मांडीवर होतं त्याचं?"

"डावीवर."

मायनं आपला तळहात फुलनबाईच्या डाव्या मांडीवर, लुगड्यावर, ठेवला आणि तसाच राहू दिला. फुलनबाई हलली नाही. कढईतली भजी जळत होती, तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. थोड्या वेळानं माय म्हणाली, "घागर काढ, बाबू."

पाणी तिथेच दिलं. टपरीसमोर, रस्त्याच्या कडेला, फुलनबाईनं बोटानं दाखवली त्या जागेवर. उरलेलं माय स्वतः प्यायली. मग आम्ही चौघांनी चहा घेतला, आणि शेवंता माझ्याकडे न पाहता, पण मलाच म्हणाली, "साखर जास्त झाली का तुम्हाले?" मी नाही म्हटलं.

चावी फिरवताच गाडी सुरू झाली.

मी ग्रंथपाल माणूस, म्हणून पुढे जे तपासता येईल ते तपासलं. आरसीप्रमाणे त्या दिवाळीत गाडी सालेकसा तालुक्यातल्या एकाच्या नावावर होती. त्या पत्त्यावर गेलो. तो घर विकून रायपूरकडे कामाला गेला होता, कुठे ते शेजाऱ्यांना माहीत नव्हतं. त्याचे आभार मानायचे राहिले आहेत. रफीकभाईंना सगळं सांगितलं. ते म्हणाले की त्या ठिकाणी रस्त्याला उंचवटा आहे, एखादी वायर ढिली असेल, हिसक्यानं सुटत असेल. असेलही. मी त्याच उंचवट्यावरून मुद्दाम हळू गेलो, जोरात गेलो, भरलेली आणि रिकामी गाडी नेली. थांबली नाही. वायर कोणी घट्ट केली नव्हती. तीन गाड्यांपैकी मी हीच का घेतली, याला तरी माझ्याकडे उत्तर आहे, कागद चोख होते. बाकीच्याला नाही. टपरी कधी उघडी असते हे गाडीला कसं कळावं, आणि कळत असेल तर आधी दोनदा बंद टपरीसमोर ती का थांबली... हे मी पुष्कळदा मांडून पाहिलं. जुळत नाही. आता मांडत नाही.

पिकअप अजून आमच्याकडे आहे. इंजिनचं काम एकदा झालं. शेवंतानं पगारी ड्रायव्हर ठेवला आहे आणि ती आता केबिनमध्ये बसते. माय जेवते, झोपते. हेमराजबद्दल कोणी विचारलं तर ती सांगते की तो एका बाईच्या मांडीवर गेला, पाणी पिऊन.